एक्स-रेचं काम केलं तर पोरीचं रक्त खराब होईल का?

प्रश्न: मुलीला बारावी सायन्सला ७१ टक्के आहेत. नीट दोनदा दिली, ३१२ आणि ३४० मार्क. नागपूरच्या क्लाससाठी दीड एकर गहाण टाकलं. आता सरकारी मेडिकल कॉलेजात बीपीएमटीच्या (पॅरामेडिकल पदवीच्या) यादीत एक्स-रे टेक्निशियनसाठी तिचं नाव लागलं, तर तेच पाहिजे म्हणते. लोकं म्हणतात, रोज फोटो काढून काढून रक्ताचं पाणी होते, पुढे मूलबाळ होत नाही. त्यात तिचं सिकलसेल एएस आहे, म्हणजे रक्त अगोदरच कमजोर. तिने आणखी एकदा नीट द्यावी असं माझं म्हणणं आहे. दोन महिने झाले, धड बोलत नाही, जेवण अर्धं टाकते. तुम्ही तिला एक्स-रेचे धोके समजावून सांगा.
– एक वडील, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

भाऊ, नमस्कार.

एक्स-रेचं सांगतोच, पण आधी तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सोडून त्याच्या आधीचं वाक्य पुन्हा वाचा. पोरगी दोन महिने धड बोलत नाही, अर्धं जेवण टाकते. मार्क, जमीन, लोकांचं बोलणं, सिकलसेल हे सगळं लिहून झाल्यावर तुम्ही हे लिहिलंत. माझ्या दृष्टीनं पत्रात सगळ्यात वर हेच यायला हवं होतं.

दोन वर्षं परक्या शहरात खोली करून ही मुलगी अभ्यास करत होती आणि आपल्यापायी बापाची जमीन गहाण पडली आहे हे तिला रोज आठवत होतं. पेपरात एखादा प्रश्न अडला की तिच्या डोळ्यांपुढे सातबारा येत असेल. एवढं ओझं घेऊन तिने २८ मार्क वाढवले, याचं कौतुक तुमच्या पत्रात एका शब्दानंही नाही. तुम्ही रागावता असं मी म्हणत नाही. तुम्ही तिच्यासाठी जीव काढता, ते ओळीओळीत दिसतं. पण तिच्या गप्प बसण्याला हट्ट समजू नका. या आठवड्यात परीक्षेचा विषय न काढता तिच्याजवळ बसा. तिची झोप उडाली असेल किंवा जगण्याचा कंटाळा आला असं काही ती बोलली असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

तिसऱ्यांदा नीट देता येते, पण या मार्कांवरून पुढच्या वर्षी सरकारी एमबीबीएसची जागा मिळेल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही, आणि खासगीची फी दीड एकरात भागत नाही.

आता रक्ताचं पाणी होण्याबद्दल. ही भीती लोकांनी उगाच रचलेली नाही. १८९५ साली रॉन्टगेनने हे किरण शोधले. त्यानंतर बरीच वर्षं डॉक्टर आणि टेक्निशियन मशीन चालतं का ते बघायला स्वतःचाच हात मध्ये धरायचे. त्या पिढीत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण खरंच जास्त निघालं. रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात. तिथे पेशींचं विभाजन सतत चालू असतं आणि अशा पेशींना किरणांची इजा लवकर होते. पांढऱ्या पेशींमधल्या लिम्फोसाइट तर सगळ्यात नाजूक. पण त्यासाठी किती किरण लागतात ते पाहा. सगळ्या अंगावर एका वेळी ५०० मिलिग्रेच्या आसपास मारा झाला, तर लिम्फोसाइट घटलेल्या दिसू लागतात. छातीच्या एका फोटोत खुद्द पेशंटला ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी मिळतं. (मिलिग्रे आणि मिलिसीव्हर्ट ही किरणांची मापं; एक्स-रेपुरती दोन्ही सारखीच धरा.) माती, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट तसंही मिळतच असतं. टेक्निशियन तर किरणांच्या वाटेत नसतो, शिशाच्या आडोशामागे उभा असतो. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने त्याच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. नियमाने काम करणाऱ्या बहुतेकांची नोंद वर्षाला १ च्याही खाली राहते. बटण सोडलं की दिवा विझावा तसे किरण संपतात. ते खोलीत साठत नाहीत आणि रक्तातही उरत नाहीत.

मूल न होण्याची भीतीही सोडा. त्यासाठी बीजांडकोशावर हजारो मिलिग्रेचा मारा व्हावा लागतो. गरोदरपणात मात्र जपावं लागतं. दिवस राहिल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी बाकीच्या महिन्यांत मिळून १ मिलिसीव्हर्टची वेगळी मर्यादा लागते आणि कामाची जागा बदलून मागता येते.

सिकलसेलबद्दल तुमचा गैरसमज मला सगळ्यात जास्त टोचला, कारण तो तिच्या डोक्यात घातला गेला असेल. एएस म्हणजे वाहक, आजारी नव्हे. तिचं रक्त कमजोर नाही. हा गुण जन्मापासून असतो, एक्स-रेने एएसचं एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार, होत नाही. उलट तयार तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे किरणांच्या माऱ्यातही ती बरीच टिकते. तिच्या लग्नाची बोलणी निघतील तेव्हा मुलाची सिकलसेल तपासणी करून घ्या. दोघेही एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाच्या वेळी काळजी करायची तर याची करा.

धोका अजिबात नाही, असंही नाही. सीटी स्कॅनमध्ये किरण साध्या फोटोच्या कितीतरी पट असतात. लहानपणी सीटी झालेल्यांच्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात दहा हजारांमागे एक-दोन जादा रक्ताचे कर्करोग होतील असा अंदाज निघाला. म्हणून फोटो पहिल्याच खेपेला नीट निघाला पाहिजे, पुन्हा पुन्हा काढावा लागू नये. त्यासाठी शिकलेला टेक्निशियन लागतो, आणि आपल्या भागात अशी माणसं कमी आहेत.

मला भीती अर्धवट शिकून केलेल्या कामाची वाटते. तालुक्याच्या एका दवाखान्यात मी पाहिलं, टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला, टेबलाच्या खणात पडलेला आणि शिशाचा अॅप्रन घडी करून खुर्चीवर टाकलेला. घडी पडली की आतलं शिसं तडकतं. पोराचा फोटो काढताना टेक्निशियन स्वतःच त्याला धरून उभा होता. ते काम अॅप्रन घालून नातेवाइकाने करायचं असतं, रोज तिथे असणाऱ्याने नाही. बॅज छातीवर, अॅप्रनच्या आत लावायचा आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला पाठवायचा. रक्तपेशी मोजणारी सीबीसी तपासणी नॉर्मल आली म्हणून किरण कमी लागले असं ठरत नाही, ते बॅजच सांगतो. तेव्हा कुणी सहा महिन्यांत एक्स-रे शिकवतो म्हणाला तर तिकडे फिरकू नका. पोरीला मिळालेली सरकारी जागा त्याहून फार मोलाची आहे. ती सोडू नका.

धोके सांगून तिला घाबरवायचं काम मी करणार नाही. तिला काही विचारायचं असेल तर तिने मला स्वतः लिहावं, तुम्हाला न दाखवता लिहिलं तरी चालेल.

यादीची मुदत बघून आधी प्रवेश घ्या. जात पडताळणी, अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले आत्ताच काढून ठेवा, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर तेच लागतील. आणि नीटच्या तिसऱ्या वर्षाच्या क्लाससाठी काही पैसे बाजूला ठेवले असतील, तर ते गहाण सोडवण्याकडे वळवा आणि तसं तिला आजच सांगा.