सही कोण करणार?

"मॅडम, डॉक्टर म्हणतात पित्ताशय काढून टाका. काढू का?"

इंदूरमधल्या माझ्या अठरा वर्षांच्या समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी किती वेळा ऐकला, याची मोजदाद नाही. मी डॉक्टर नाही. लोक माझ्याकडे येतात ते झोप उडाली, घरात धुसफूस वाढली, कशात मन लागत नाही म्हणून. बोलता बोलता पिशवीतून सोनोग्राफीचा कागद निघतो, आणि मग कळतं की सगळी धुसफूस त्या कागदाभोवती आहे. म्हणून आज एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई छपन्न वर्षांच्या. घरी नवरा आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. पहिली कळ आली ती एका लग्नात तुपात बुडवलेले दाल-बाफले जेवून आल्यावर, रात्री दोन वाजता. उजव्या बरगडीखालून निघून पाठीत आणि खांद्यापर्यंत. तीन तास. घरात सगळे म्हणाले, पित्त झालं असेल. सोडा घेतला, सकाळी बरं वाटलं. दुसरी कळ थंडीत सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडू (तळलेला कंद) खाल्ल्यावर. तिसऱ्या वेळी सोनोग्राफी झाली. पित्ताशयात बरेच खडे, सर्वांत मोठा १४ मिलिमीटरचा. दोन सर्जननी एकच सांगितलं, पित्ताशय काढा. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्या गोष्टीला दहा महिने झाले होते.

आपल्या शब्दांनीच आपला गोंधळ होतो, असं मला नेहमी वाटतं. मराठीत आंबट ढेकर आली तरी 'पित्त', अंगावर गांधी उठल्या तरी 'पित्त'. मग पित्ताशयाची कळही त्याच नावाखाली महिनोन् महिने सोड्यावर काढली जाते. आणि इथे हिंदीचा शेजार. मूतखडाही 'पथरी', पित्ताचा खडाही 'पथरी'. शेजारच्या भाभींची पथरी कुळथाच्या पाण्याने पडली म्हणून ताईंनी तीन महिने कुळथाचं कढण घेतलं. मूतखड्याला लघवीची वाट तरी असते. पित्ताशयातला खडा सरकला तर पित्तनलिकेत अडकून कावीळ करू शकतो, स्वादुपिंडाला सूज आणू शकतो. ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा प्रयोगही त्यांनी केला होता आणि हिरवे गोळे पडले म्हणून आनंदल्या होत्या. ते गोळे तेलाचा पोटात झालेला साबण असतो. पुढच्या सोनोग्राफीत खडे होते तिथेच होते.

पहिल्या दोन भेटींत मी त्यांच्याकडून फक्त प्रश्न लिहून घेतले आणि त्यांना सर्जनकडे परत पाठवलं. माझी कळ याच खड्यांची आहे का? थांबले तर काय होईल? पित्ताशय नसलं तर पचन कसं होणार? आठवड्याने त्या उत्तरं घेऊन आल्या. पित्त तयार करतं यकृत, पित्ताशय ते फक्त साठवून घट्ट करतं. ते काढलं तर पित्त सरळ आतड्यात उतरतं. काहींना सुरुवातीला जुलाब होतात, बहुतेकांचं जेवण पुढे पूर्ववत होतं. घोड्याला तर जन्मतःच पित्ताशय नसतं, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या हसल्या होत्या. पहिलं असं ऑपरेशन बर्लिनला १८८२ मध्ये झालं, भारतात दुर्बिणीतून मुंबईला १९९० मध्ये. धोकाही डॉक्टरांनी लपवला नाही. हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या पित्तनलिकेला इजा होऊ शकते, आणि कधी दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं. पण कळा येऊ लागल्या की त्या परत येण्याची शक्यता बरीच असते, आणि सुजलेल्या पित्ताशयाचं घाईत केलेलं ऑपरेशन ठरवून केलेल्यापेक्षा अवघड जातं.

सगळं स्पष्ट होतं. तरी ताई म्हणाल्या, "पण मॅडम, काढू का?"

इथे माझा एक पक्का विश्वास सांगते. पुरेशी माहिती मिळूनही माणूस जागचा हलत नसेल, तर त्याला आणखी माहिती देऊ नये. त्याचं अडलेलं असतं दुसरीकडेच.

"घरचे काय म्हणतात?" मी विचारलं.

"हे म्हणतात, तुझं शरीर आहे, तू ठरव, मी तुझ्या सोबत आहे. सासूबाई काहीच म्हणत नाहीत."

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं? म्हणजे सही मीच करायची."

ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर रुग्णाचीच सही असते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी 'सही' हा शब्द उच्चारताना त्यांचा हात पदराच्या टोकाशी गेला आणि ते टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळलं गेलं. मी विचारलं, "याआधी तुम्ही कुठे सही केली होती?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी धीर देणारं काहीतरी बोलावंसं वाटतं. तेव्हा गप्प राहायला मी फार वर्षांनी शिकले, आणि त्या दिवशी गप्प राहिले याचं मला आजही समाधान आहे.

मग त्या बोलल्या. बारा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या आतड्याला पीळ पडला. नवरा कामासाठी भोपाळला. रात्री अकराला डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं नाही तर वाचणार नाहीत, केलं तरी खात्री नाही. ताईंनी सही केली. चौथ्या दिवशी सासरे गेले. तेराव्याला पाहुण्यांसमोर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सही हिने केली होती." त्यानंतर हा विषय घरात कधीच निघाला नाही.

"मला सुरीची भीती नाही हो," ताई म्हणाल्या. "काही वाकडं झालं तर पुन्हा म्हणतील, सही हिनेच केली."

आम्ही चार भेटी पित्ताशयावर बोलत होतो आणि ताई बारा वर्षांपूर्वीच्या त्या कागदापाशी उभ्या होत्या. तिथून मला एक गोष्ट नव्याने दिसली. 'तू ठरव' हे वाक्य आपण मोठ्या मनाने म्हणतो, आणि ते योग्यही आहे. पण त्या वाक्याबरोबर उद्याचा दोषही त्याच माणसाच्या ओंजळीत पडतो. नवरा मोकळीक देत होता, ताईंना ते एकटं सोडणं वाटत होतं.

मी विचारलं, "त्या रात्री जेवढं माहीत होतं, तेवढ्यावर आज पुन्हा ठरवायचं झालं तर काय कराल?"

"सहीच करेन," त्या लगेच म्हणाल्या, आणि रडू लागल्या. बारा वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

निर्णय चांगला होता की नाही, हे त्या वेळी हातात काय होतं त्यावरून पाहायचं. पुढे काय घडलं ते त्याच्या मापात धरू नये. आपल्याकडे उलटं होतं. निकाल वाईट लागला की निर्णयच चुकीचा ठरतो, आणि सही करणारा गुन्हेगार.

म्हणून मी त्यांना एक काम दिलं. घरात तिघांनी बसायचं, साधा कागद घ्यायचा, वर तारीख घालायची. आज आपल्याला काय माहीत आहे, काढलं तर काय धोका, ठेवलं तर काय, आणि आपण काय ठरवतो आहोत, ते लिहायचं. खाली तिघांची सही. निर्णय ताईंचाच, पण तो कशाच्या आधारावर झाला याचे साक्षीदार तिघे. मी अनेक घरांना हे करायला सांगते. ऑपरेशन नको असं ठरलं तरी करा. किंबहुना तेव्हा तर नक्कीच करा, कारण न करणं हाही निर्णय असतो आणि त्याचीही तारीख असावी.

आणि 'नको' हे उत्तर पुष्कळदा योग्यही असतं. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, पण कळ कधीच आली नाही, अशांपैकी वर्षाला शंभरात साधारण एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. त्यांना डॉक्टर बहुधा थांबायलाच सांगतात. खडा फार मोठा असेल किंवा पित्ताशयाच्या भिंतीत काही वेगळं दिसत असेल, तर गोष्ट निराळी, आणि ती सर्जननेच सांगायची. गोळीने विरघळतात का, असंही विचारतात. काही लहान खडे विरघळतात, पण महिनोन् महिने लागतात आणि पुष्कळांना पुन्हा होतात. थांबायचं ठरलं तर त्याच कागदावर एक ओळ ठळक लिहा: ताप आणि थंडी, डोळे पिवळे, न थांबणारी कळ किंवा उलट्या, यातलं काही झालं तर 'देखेंगे' म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. हे 'देखेंगे' आमच्या इंदूरच्या मराठी घरांत फार मुरलंय.

ताईंच्या घरी तो कागद लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या संध्याकाळी सासूबाई उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "आण तो कागद." सासऱ्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, ताईंनीही विचारलं नाही. सही मात्र केली, पूर्ण नावाने.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी ताईंचा उजवा खांदा दुखायला लागला. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं काही दिवस दुखतं, हे त्यांना आधी सांगितलं होतं. पण कण्हणं ऐकून सासूबाई दारातून म्हणाल्या, "उगाच केलंस ना!"

ताईंनी उशाखालचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी चष्मा लावला, खालपर्यंत वाचलं, आपल्या सहीवर बोट ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग कागद घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "मऊ भात टाकते. वर तूप नको ना अजून?"