आठ जणांच्या गटात तिघेच राबतात, बाकीचे हात आखडतात. यावर उपाय काय?

आपल्या कार्यालयातील आठांपैकी पाच जण अंगचोरपणा करतात, हे वाचून मला रत्नागिरीजवळची आमची आंब्याची शेड आठवली, कारण तेथेही पेट्या भरायला आम्ही आठच जण होतो. एका मे महिन्यात वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, आमचा दर घसरू लागला. पेटीचा वरचा थर निवडक, आणि खाली पेंढ्याआड डागी फळ निघत होते. आमच्या दादांनी, म्हणजे थोरल्या चुलतभावांनी, "गडी माजलेत, एकाला काढा, बाकीचे सरळ होतील" असे फर्मावले. कोणती पेटी कोणी भरली हेच ठाऊक नसताना काढायचे कोणाला, हा माझा प्रश्न त्यांना उद्धटपणाचा वाटला.

मी प्रत्येक पेटीच्या बुडावर भरणाऱ्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहायला लावला. दादा स्वतः दुपारी भरायला बसत, म्हणून आठवा क्रमांक त्यांना दिला. पंधरवड्यात तक्रारी चारच आल्या आणि त्यांतल्या तीन पेट्यांवर आठ होता. कोणीतरी मुद्दाम त्यांचा आकडा घातला, असे दादा आजही म्हणतात.

यात माजाचा संबंध नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे जे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध केले, त्यांत आठ जणांचा एकत्रित जोर त्यांच्या सुट्या जोराच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा भरला. त्याने मुख्य दोष ताळमेळाच्या अभावाला दिला होता. परंतु १९७४ च्या प्रयोगात डोळे बांधलेल्या माणसाला मागेही माणसे ओढत आहेत असे नुसते भासवले, तरी तो एकटाच ओढत असूनही त्याचा जोर उतरला. म्हणून आठांना मिळून एक काम देऊ नका; प्रत्येकाचा वाटा नावानिशी वेगळा दिसू द्या, आणि साहेबांनाही क्रमांक द्या.

एक मात्र सांगायला हवे. क्रमांक आल्यावर पेंढा आणणे, अढी (पिकायला रचलेले आंबे) चाळणे ही बिनआकड्याची कामे कोणीच करीना. त्यांच्या पाळ्या लावाव्या लागल्या. शिवाय साका, म्हणजे फळाच्या आत गर बिघडणे, बाहेरून ओळखता येत नाही, तेव्हा तो भरणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. दादांच्या तीन पेट्यांत साका नव्हता, डागच होते.