व्हिसावरची शेवटची तारीख बघून परतीचं तिकीट पुढे ढकलू नका

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि नीट झोपच लागली नाही, म्हणून सकाळचा चहा झाल्या झाल्या लिहायला बसले. अहो-जाहो करत नाही, माझ्या लेकीच्या वयाची वाटतेस. सासूसासऱ्यांना घेऊन ३ ते ११ डिसेंबर, पाच रात्री इस्टोनियातलं टालिन आणि तीन रात्री शेजारच्या लाटव्हियातलं रिगा, इस्टोनियाचा व्हिसा आलाय, त्यावर २६ डिसेंबरपर्यंत असं लिहिलंय, आणि १३ तारखेचं परतीचं तिकीट बरंच स्वस्त मिळतंय तर ते घेऊ का, असं तू विचारलंयस. खाली तिघाचौघांनी "२६ पर्यंत व्हॅलिड आहे, बिनधास्त घ्या" असं लिहिलंय. नको घेऊस गं. निदान हे पूर्ण वाचेपर्यंत तरी थांब.

फॉर्म, फोटो, बँक स्टेटमेंट यावर काही लिहीत नाही, ते तुझं झालेलंच आहे. पासपोर्ट उघड आणि स्टिकरवर तारखांच्या खाली 'ड्युरेशन ऑफ स्टे' असा बारीक अक्षरातला रकाना आहे तो बघ. तुझ्या प्लॅनवरून तिथे ९ असणार. तू राहू शकतेस ते नऊ दिवस. २६ तारीख म्हणजे ते नऊ दिवस कुठल्या मुदतीत वापरायचे एवढंच. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, नियमात प्रवास थोडा मागेपुढे झाला तर सोय असावी म्हणून मुदतीला साधारण पंधरा दिवस जोडतात, ११ आणि १५, म्हणून २६. राहायचे दिवस त्याने वाढत नाहीत. आणि मोजताना उतरलात तो दिवसही धरतात, निघालात तो दिवसही धरतात, विमान रात्री पावणेबाराला टेकलं तरी तो अख्खा एक दिवस गेला. म्हणजे नऊ दिवस म्हणजे आठ रात्री.

हे मला कधी कळलं, तर टालिनच्या एअरपोर्टवर, खिडकीपलीकडचा अधिकारी बोटांवर दिवस मोजत होता तेव्हा.

तीन वर्षं झाली. आम्ही तिघं गेलो होतो, मी, आमचे हे आणि माझी नणंद. २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, माझा आणि यांचा व्हिसा ९ दिवसांचा, मुदत १७ डिसेंबरपर्यंत. ट्रिप छान झाली, त्याबद्दल तक्रार नाही. २ तारखेला पहाटेपासून बर्फाचं वादळ, विमानं एकेक करून रद्द, आमचंही झालं आणि दुसरं तिकीट मिळालं ४ तारखेचं. काउंटरवरच्या बाईंनी हॉटेलचं आणि जेवणाचं कूपन दिलं, तो त्यांचा युरोपातला नियमच आहे. पण नणंदेला सवय, तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली, ती म्हणाली यांच्याकडून लेखी घेऊया की विमान तुमच्यामुळे रद्द झालं. त्या म्हणाल्या, व्हिसाचं आम्ही बघत नाही, पत्रबित्र इथे मिळत नाही, वेबसाईटवर अर्ज करा. मागे पन्नास माणसांची रांग, आम्ही बाजूला झालो. मग मी आमच्या एजंटला फोन लावला. भारताची वेळ हिवाळ्यात तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, तिकडे दुपार होती. तो म्हणाला, "मॅडम, सतरापर्यंत व्हॅलिड आहे, निवांत फिरा."

आणि आम्ही निवांत फिरलो. सगळी चूक इथे झाली. ३ तारखेचा अख्खा दिवस हातात होता, परदेशी लोकांची कामं बघणारं ऑफिस त्याच शहरात होतं, पण आम्ही ख्रिसमस बाजारात मोजे घेत होतो.

४ तारखेला खिडकीवर सांगितलं, अकरा दिवस झाले, परवानगी नऊची. बाजूच्या खोलीत दीड तास. माणसं सभ्य होती, आवाज चढवला नाही, पण कागद मागत होती आणि आमच्याकडे होता फक्त यांच्या फोनवरचा एक मेसेज. जबाब लिहून घेतला, सह्या घेतल्या, नोंद केली आणि सोडलं. विमान जेमतेम मिळालं. मला वाटलं संपलं प्रकरण.

पुढच्या वैशाखात धाकट्या लेकीचं बाळंतपण होतं, ती युरोपातच दुसऱ्या देशात असते. मी अर्ज केला, पत्र जोडलं, सगळं खरं खरं लिहिलं. नकार आला, कारण छापील, मुदत संपायच्या आधी तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका. दोन दिवसांची शंका. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू तिच्या मैत्रिणीच्या आईबरोबर पाठवले आणि नातवाला पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर, सव्वा महिन्याच्या आंघोळीच्या दिवशी ती व्हिडिओवर विचारत होती आई पाणी किती गरम घेऊ. तो एजंट अजूनही लोकांचे फॉर्म भरतोय. मी नंतर त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "रकाना तुम्ही वाचायला हवा होता." रकाना मी वाचायला हवा होता हे खरंच आहे, पण मग पैसे कसले घेतले? असो. त्यावर लिहीत बसले तर मूळ उत्तर राहून जाईल.

तर तू काय कर. स्वस्त तिकीट हवंच असेल तर दोन्ही टोकं सरकव. जाणंही दोन दिवस उशिरा, ५ ला पोचून १३ ला निघालीस तरी नऊच दिवस होतात आणि २६ च्या आत आहेस. फक्त इन्शुरन्सच्या तारखा बदलून घे, हॉटेलांची नवी बुकिंग छापून ठेव. मला विचारशील तर मी त्याहून एक दिवस कमीच राहीन, म्हणजे विमान रद्द झालं तरी एक दिवस शिल्लक. आणि परतीला दिवसातलं शेवटचं विमान घेऊ नकोस, सकाळचं घे. तुमचं विमान मधे दुसऱ्या शेंगेन शहरात थांबत असेल तर शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद त्या शहरात होते, टालिनमध्ये नाही, तेही डोक्यात ठेव.

एवढं करूनही अडकलातच तर त्याच दिवशी, नऊ दिवस संपायच्या आत, तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जा. आपल्या हाताबाहेरच्या कारणाने अडकलं असेल तर मुक्काम वाढवून देण्याची तरतूद शेंगेनच्या व्हिसा नियमांतच आहे आणि त्याला फी नाही. एअरलाईनकडून लेखी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस, नाहीच दिलं तर विमान रद्द दाखवणाऱ्या बोर्डाचा फोटो काढ, ईमेल जपून ठेव. आमच्या वेळी शिक्के बघून माणूस मोजत होता, आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आणलीये, दिवस कॉम्प्युटर मोजतो, तिथे गयावया चालत नाही.

ज्यांचा अर्ज अजून जायचाय त्यांच्यासाठी, प्लॅन करतानाच शेवटी दोन दिवस खरेखुरे जास्तीचे धरा, हॉटेल, रजा, इन्शुरन्स सगळ्यात. खोटं लिहा असं म्हणत नाहीये. जून २०२४ पासून फी ९० युरो झालीये आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. मी वकील नाही, एजंट नाही, माझ्यावर गुदरलं तेवढं सांगतेय, शेवटचा शब्द दूतावासाचा.

आता थंडीचं. लोक तापमानाला घाबरतात, मी म्हणेन अंधाराला आणि निसरड्याला घाबर. डिसेंबरात टालिनमध्ये सूर्य नऊच्या पुढेमागे उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो, त्यातही बहुतेक दिवस ढग. त्यामुळे तूमपेआ टेकडीवरून जुन्या गावाची लाल छपरं बघायची तर अकरा ते दोन, संग्रहालयं, खरेदी नंतर. लेन्नुसादाम म्हणजे जुन्या सीप्लेनच्या शेडमधलं समुद्री संग्रहालय सासऱ्यांना नक्की आवडेल, आत अख्खी लेंबित पाणबुडी आहे, १९३६ ची, आत शिरून बघता येते. सुरुवातीच्या हिवाळ्यात बर्फ पडतो, वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि जुन्या गावातले रस्ते गोल दगडांचे, त्यामुळे सासूबाईंना इथले स्पोर्ट शूज घालून नेऊ नकोस, खोल खाचांचे वॉटरप्रूफ बूट, आणि तिथे पोचल्यावर बुटांना अडकवायचे दाते घे. घोट्याचं दुखणं मी तिथूनच आणलंय. आत सगळीकडे हीटिंग, म्हणून एकच जाडजूड स्वेटर नको, काढता घालता येतील असे तीन थर.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, इस्टोनियात अंधारात पायी चालताना कपड्यांवर चमकणारा रिफ्लेक्टर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. हेल्कुर म्हणतात, किराणा दुकानात मिळतो, दोरीने कोटाच्या खिशातून गुडघ्याच्या उंचीवर लोंबता ठेवायचा. तिघांचे तीन घे.

सासूबाई शाकाहारी आहेत म्हणालीस. काळी राय ब्रेड, लोणी, बटाटे, दुकानातलं दही हे सगळीकडे मिळेल. आणि 'कामा' शोध, बार्ली, राय, ओट आणि वाटाणा भाजून केलेलं पीठ असतं, ताकासारख्या दुधात कालवून खातात. पहिला घास घेतला आणि नणंद म्हणाली, अगं हे तर सातूचं पीठ! तिने साखर घालून रोज सकाळी तेच खाल्लं. बाजारातल्या सॉसेजमध्ये काळं दिसेल ते रक्ताचं असतं, त्यांना आधीच सांगून ठेव. टालिन ते रिगा बसने साधारण साडेचार तास. दोन्ही गावं पहिला ख्रिसमस ट्री आमचाच म्हणतात, टालिन १४४१ सांगतं, रिगा १५१०, सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर बसमध्ये विषय होईल.

स्टिकरचा फोटो इथे टाकू नकोस, त्यावर पासपोर्ट नंबर असतो. त्या रकान्यातला आकडा फक्त कळव, तिघांचाही वेगवेगळा बघ, आमच्यात नणंदेचा आमच्यापेक्षा एक दिवसाने जास्त होता आणि तेही आम्हाला तिथेच कळलं.