प्रोमो मिक्स आणि सहा जॉनर

अगं, डीजेची कामं मिळवायला तू केलेला प्रोमो मिक्स ऐकला. आधी हेडफोनवर आणि मग सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत लावून, कारण बुकिंगवाली माणसंसुद्धा असंच कुठेतरी अडकलेली असताना ऐकतात, शांत बसून वगैरे कोणी ऐकत नाही. बीटमॅचिंग, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं, स्वच्छ आहे, त्यावर काही बोलत नाही. पण ४५ मिनिटांत हाऊस, ट्रॅप, बॉलिवूड, लावणी, ड्रम अँड बास आणि वर शेवटी टेक्नो, हे सगळं ऐकून मला तुझी हार्ड डिस्क कळली, तू काय वाजवतेस ते काही कळलं नाही.

तू विचारलंस ना की जॉनर, म्हणजे संगीताचे प्रकार, मिक्स करू की एकच धरून बसू, तर कर की, बिनधास्त कर. फक्त आधी ठरव की हा मिक्स कोणाला पाठवायचाय. कोरेगाव पार्क, मुंढव्यातल्या क्लबच्या मॅनेजरला एवढंच बघायचं असतं की शुक्रवारी रात्री फ्लोअर भरलेला राहील का. लग्नाचं संगीत करणाऱ्या इव्हेंटवाल्याला हवं असतं की मामा-मावश्या आणि नवरीच्या कॉलेजच्या मैत्रिणी एकाच गाण्यावर उठल्या पाहिजेत, तिथे तुझे सहा जॉनर चालतील पण. आणि फेस्टिव्हलच्या छोट्या स्टेजसाठी नावं शोधणाऱ्याला असं काहीतरी हवं असतं जे बाकी दहा जणांनी पाठवलेलं नाही. या तिघांना एकाच फाइलमध्ये खूश करायला जाऊ नकोस. दोन वेगळे मिक्स कर, अर्ध्या-अर्ध्या तासाचे, पुरतात.

आता क्लब आणि फेस्टिव्हलवाला घे. एक जॉनर तुझा, जिथे तू बराच वेळ राहतेस. दुसरा पाहुणा, जो येतो आणि बसतो. तिसरा अगदी चवीपुरता. बस. आणि पहिल्या दोन जॉनरची भेट पहिल्या पाच मिनिटांतच घडव, तुझ्यासारखी ३८व्या मिनिटाला नको, तिथपर्यंत कोणी पोचतच नाही गं, लोक सुरुवात ऐकतात, मग मध्ये दोन-तीन ठिकाणी बोट ठेवून बघतात आणि बंद.

तुझ्याकडे ती भेट ऑलरेडी आहे, तुझं तुलाच कळलेलं नाही. लावणीच्या तुकड्यानंतर तू जो अमापियानो ट्रॅक लावलायस, तिथे मी व्हॉल्यूम वाढवला. अमापियानो म्हणजे साउथ आफ्रिकेतलं हाऊस, ११०-११५ बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपास चालतं, आणि त्यातला लॉग ड्रम म्हणजे तो घसरत जाणारा बास. आता ढोलकीचा घुमारा आठव, तोही घसरतोच की! दोन्ही खालच्या पट्टीत, आणि हाताने दाबून वाकवल्यासारखे. एवढा तयार पूल असताना तू त्यावरून इको टाकून चार सेकंदांत पळून गेलीस. तिथे थांब. ढोलकीचा चार बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप धर, त्याचा लो, म्हणजे खालचा बास, काप, कारण दोघांचे बास एकत्र राहिले की नुसता चिखल होतो, आणि वरची टाक-टाक चालू ठेवून खालून लॉग ड्रम येऊ दे. मग आठ बारनंतर उलटं कर, लॉग ड्रमचा लो काढ आणि घुमारा परत दे. ऐकणाऱ्याला जॉनरबिनर काही कळणार नाही, पण मान हलेल. कोणतेही दोन जॉनर जोडताना हेच शोधायचं, की दोघांत आधीपासून सारखं काय वाजतंय. काही सापडलं नाही तर ती दोन गाणी शेजारी ठेवायची नाहीत, कितीही आवडती असली तरी.

टेम्पोचं. तू १०० वरून १२८ वर सिंक, म्हणजे वेग आपोआप जुळवणारं बटण, दाबून उडी मारलीस. सिंक काय, ओढून देतं बिचारं, पण २८ टक्के ओढलेला गळा 'की लॉक'वर (वेग बदलला तरी सूर धरून ठेवणारी सोय) पाण्यात बोलल्यासारखा येतो. आणि 'की लॉक' बंद असेल तर साधारण सहा टक्क्यांतच सूर अर्ध्या स्वराने (सेमीटोन) सरकतो. गाण्यात आवाज असेल तर माझ्या मते चार-पाच टक्क्यांच्या पुढे जाऊच नये, नुसते ड्रम असतील तर जरा जास्त चालतं. शिवाजीनगरहून स्वारगेटला जायचं तर मधला रस्ता तुडवायलाच लागतो. १०० वरून १०५, मग अमापियानो ११२ ला, मग ११८-१२० चं आफ्रो हाऊस, तिथून १२४ ला कोणाला कळणार पण नाही. ड्रम अँड बासला जायचंच असेल तर ८७ च्या हिप-हॉपवरून जा, १७४ बरोबर त्याच्या दुप्पट, ग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरमधली ठोक्यांची आखणी, आपोआप बसते. पण खरं सांगू का, या मिक्समध्ये ड्रम अँड बास नकोच. ते तू आवडतं म्हणून घातलंयस.

कोळीगीताचा प्रयोग मला आवडला पण तो लंगडतोय, आणि कारण सोपं आहे. ते गाणं सहाच्या चालीत आहे, तीन-तीनचे दोन झोके. तुझ्या हाऊसचा किक (जाड ठोका) मोठ्या झोक्यावर बसतो, तिथपर्यंत ठीक, पण हाय-हॅट (झांजेची बारीक टिकटिक) प्रत्येक किकमध्ये चार वाजतात आणि गाणं तीन वाजवतंय, म्हणून ते घासतं. हाय-हॅट काढून टाक, नुसता किक आणि फार तर एक टाळी ठेव, बघ कसं डोलायला लागतं. आणि अशा गाण्यांना सॉफ्टवेअर कधीकधी १२० च्या जागी १८० दाखवतं, तेव्हा आकड्यावर जाऊ नकोस, पाय आपटून मोज. जुनी रेकॉर्डिंग तर माणसांनी एकत्र बसून वाजवलेली, क्लिक नाही काही नाही, टेम्पो पुढेमागे होणारच. अख्खं गाणं ग्रिडवर बसवत रात्र घालवू नको, चांगला तुकडा लूप कर.

सुराचं पण थोडं. ८ए च्या शेजारी ७ए, ९ए, ८बी, कोणत्या पट्ट्या एकमेकींशी जुळतात ते सांगणारं हे कॅमेलॉट चाक तुला पाठ आहे, छान. पण रागावरचं गाणं घेतलंस की चाक अपुरं पडतं. ते गाणं एका सा वर उभं असतं आणि खाली हाऊसचा पियानो दर दोन बारला कॉर्ड बदलतो, मग चाकावर जुळलेलं असूनही कानाला टोचतं. तिथे ज्याचा बास एकाच सुराभोवती फिरतो असा ट्रॅक घे. चरणजित सिंग नावाच्या मुंबईच्या सेशन म्युझिशियनने १९८२ मध्ये रोलंडची टीबी-३०३ (बासची) आणि टीआर-८०८ (ड्रमची) ही मशीन घेऊन राग वाजवून ठेवलेत, शिकागोचं अ‍ॅसिड हाऊस यायच्या आधी. ऐक एकदा, आणि बास किती कमी हलतो तिकडे लक्ष दे.

ढोल-ताशा. पुण्यात राहून तो मोह होणारच, मला पण होतो. पण तू लक्ष्मी रोडवर मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं पथक सरळ ड्रॉपला, म्हणजे सगळा बीट जोरात पडतो तिथे, लावलंयस, आणि मोबाइलने सगळं दाबून सपाट केलंय, मोठ्या स्पीकरवर ते पत्र्यासारखं वाजेल. लो काप, आठ बार मागून येऊ दे वातावरणासाठी आणि ने परत. शिवाय ताशा तापला की वेग वाढतो, तो तुझ्या १२४ साठी थांबत नाही.

बाकी किरकोळ. प्रत्येक बदलाला इको नको, कधी सरळ कट मार, ३२ बीट पूर्ण झाल्यावर, अगदी अर्धा सेकंद शांतता ठेवून मारलास तरी चालतो. एआयने वेगळा काढलेला गळा उघडा ठेवू नको, मागे खळखळ ऐकू येते. जुन्या गाण्यांचा ट्रिम (मूळ आवाजाची पातळी) वाढव, ती नव्या रेकॉर्डिंगपुढे बारीक वाटतात, पण मीटर लाल नको.

यूट्यूबवर टाकलास तर कॉपीराइटचा क्लेम येईल हे धरूनच चाल, मिक्सक्लाउडचं लायसन्सिंग डीजे मिक्ससाठीच आहे, तिथे टाक आणि मॅनेजरला वेगळी ड्राइव्हची लिंक दे. ट्रॅकलिस्टमध्ये परदेशी प्रोड्यूसरची नावं व्यवस्थित आणि लावणीपुढे नुसतं 'मराठी फोक', हे मला अजिबात आवडलं नाही. गाणारी कोण, ढोलकी कोणाची, शोधून लिही, रेकॉर्डच्या मागे बहुतेक वेळा गायिकेचं नाव तरी असतंच.

नवीन व्हर्जन शुक्रवारच्या आत पाठव, ३२० केबीपीएसची एमपी३ चालेल. शनिवार-रविवार माझी लग्नं आहेत, तेव्हा फोन उचलणार नाही.

— दादा