एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनलमध्ये सीझनला जास्त सामने जिंकलेला संघच जिंकणार ना? मग ‘मॅचअप’वरून, म्हणजे कोणाची कोणाशी गाठ पडते यावरून, एवढं भांडण कशाला?

तसं असतं तर २०१६ ची फायनल खेळवायची गरजच नव्हती. गोल्डन स्टेट वॉरियर्सनी त्या सीझनला ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. फायनल म्हणजे सात सामन्यांची सीरिज, चार जिंकणारा विजेता; त्यात क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ अशी आघाडीही घेतली होती. आणि हरले.

तुम्ही लिहिलंय की नोकरीनिमित्त सोलापुरात आलात, एनबीए नुकतंच बघायला लागलात, आणि ऑफिसातली दोन पोरं फायनलच्या आधी ‘मॅचअप, मॅचअप’ करत एकमेकांच्या अंगावर जातात. यात खरंच काही अर्थ आहे की उगाच, आणि पुढच्या वर्षी कोण वर येणार हे लोक कशाच्या जोरावर सांगतात, असं तुमचं विचारणं आहे. अर्थ आहे. फक्त बहुतेक लोक चुकीच्या खेळाडूवरून भांडतात.

आमचंही एक टोळकं आहे. फायनलचा सामना आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होतो, रविवारचा असेल तर सोमवारी साडेपाचला. संपेपर्यंत आठ-साडेआठ. मग कामावर जायच्या आधी इडली-वड्याच्या गाड्यावर दुसरा सामना सुरू. त्यात एक अण्णा आहे, पूर्व भागातला, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्याचं गणित सरळ: दोन्ही संघांतला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, तो ज्यांच्याकडे तो संघ जिंकणार. दुसरे एक सर आहेत, शाळेत पीटी शिकवतात. त्यांनी काही सांगायला सुरुवात केली की अण्णा म्हणतो, “काय बोलूलालाव सर, शे आहे ना त्यांच्याकडं!” (शे म्हणजे शे गिल्जस-अलेक्झांडर, ओक्लाहोमा सिटी थंडरचा स्टार.) आणि पुढची पंधरा मिनिटं वाया जातात.

माझं मत विचाराल तर स्टार सगळ्यात शेवटी बघावा. फायनलपर्यंत आलेल्या दोन्ही संघांकडे स्टार असतोच. तो त्याचे तीसेक पॉइंट काढणार हे समोरच्यांनी धरलेलंच असतं. त्यांचे असिस्टंट कोच रात्रभर व्हिडिओ बघत बसतात ते पाचव्या माणसासाठी. क्रिकेटमध्ये कच्चा फिल्डर फाइन लेगला लपवता येतो, शंभर चेंडूंत त्याच्याकडे दोन जातात. इथं कोर्टवर पाचच जण, आणि समोरचा संघ ठरवून प्रत्येक वेळी त्याच एकाकडे चेंडू नेऊ शकतो. सीझनमध्ये हे चालून जातं, कारण दर दोन दिवसांनी नवा संघ समोर येतो. सात सामन्यांच्या सीरिजमध्ये तेच ते लोक समोर असतात. तिसऱ्या सामन्यापर्यंत तुमची दुखरी नस त्यांना पाठ झालेली असते. म्हणून प्रश्न असा घाला: या सीरिजमध्ये कोणाला बेंचवर बसवावं लागणार?

२०१६ मध्ये वॉरियर्सबाबत हेच झालं, आणि गंमत म्हणजे तिथं दुखरी नस निघाली ती खुद्द स्टेफ करी, त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. डिफेन्समध्ये त्याला नेहमी समोरच्या कमी धोकादायक खेळाडूवर ठेवायचे. सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत पहिल्याच राउंडला गुडघा दुखावल्यानं तो पुरता बराही झालेला नव्हता. क्लीव्हलँडनं काय केलं, तर करी ज्याला गार्ड करतोय त्यालाच स्क्रीन लावायला, म्हणजे चेंडूवाल्याला अडवणाऱ्याच्या वाटेत आडवं उभं राहायला, बोलवायचं. वॉरियर्स अशा वेळी माणसं बदलून घ्यायचे, म्हणजे स्विच करायचे, आणि मग क्लीव्हलँडच्या कायरी अर्विंगसमोर अलगद करी येऊन उभा राहायचा. पुन्हा पुन्हा तेच. सातव्या सामन्यात स्कोर ८९-८९, मिनिटभरही उरलेलं नाही. वॉरियर्सचा क्ले थॉम्पसन अर्विंगवर होता. क्लीव्हलँडच्या जे. आर. स्मिथनं स्क्रीन लावली, करी अर्विंगवर आला, आणि अर्विंगनं त्याच्या डोक्यावरून थ्री (लांबून, तीन पॉइंटचा) टाकला. सामना ९३-८९. त्याच सामन्यात क्लीव्हलँडच्या लेब्रॉननं समोरच्याचा शॉट हवेत अडवला, त्या ब्लॉकचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला असतो, तो आहेच भारी. पण ती स्क्रीन बघा. (पाचव्या सामन्यात वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनवर बंदी होती आणि त्याच सामन्यात त्यांच्याच बोगटचा गुडघा गेला, हेही खरं. वॉरियर्सचे फॅन तुम्हाला ते सांगितल्याशिवाय सोडणार नाहीत.)

ही झाली एक तऱ्हा, ज्याला डिफेन्स जमत नाही त्याला पकडणं. दुसरी तऱ्हा, ज्याला लांबून शूट करता येत नाही त्याला मोकळा सोडणं. त्याला गार्ड करणारा माणूस सरळ बास्केटखाली जाऊन उभा राहतो, म्हणजे तुमच्या स्टारला आत शिरायला जागाच उरत नाही. २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर ५७ सामने जिंकून वेस्टमध्ये (लीगच्या पश्चिम गटात) पहिले आले होते. दुसऱ्या राउंडला डॅलसनं त्यांच्या जॉश गिडीला असाच मोकळा सोडला. सीझनभर सुरुवातीच्या पाचात खेळलेला पोरगा, पण सीरिज चालू असतानाच त्याला बेंचवर बसवावं लागलं. थंडर ४-२ हरले. शे गिल्जस-अलेक्झांडर तेव्हाही त्यांच्याकडेच होता, हे मी अण्णाला दर वेळी ऐकवतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच सुरू होतं. संघाचं पुढचं वर्ष कसं जाणार हे ओळखायचं तर तो कोणाकडून हरला यापेक्षा हरल्यावर उन्हाळ्यात काय केलं ते बघावं. थंडरनं महिनाभरात गिडी शिकागोला दिला आणि बदल्यात अॅलेक्स करूसो घेतला. करूसो म्हणजे पॉइंटच्या यादीत शोधावा लागणारा, पण कोणालाही गार्ड करू शकणारा माणूस. वर डॅलसपुढे रिबाउंडला (हुकलेला चेंडू पकडायला) कमी पडत होते म्हणून न्यू यॉर्ककडून खेळणारा सात फुटी आयझाया हार्टनस्टाइन करारावर आणला. दोन भोकं होती, दोन्ही बुजवली. पुढच्या मे महिन्यात डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात कोच मार्क डेग्नॉल्टनं त्याच करूसोला डेन्व्हरच्या स्टारवर, निकोला योकिचवर सोडला. उंचीत चांगला अर्ध्या फुटाचा फरक! तो खालून ढकलत, हात घालत, पास अडवत राहिला, आणि थंडरनं तो सामना १२५-९३ असा मारला. मला विचाराल तर थंडरचं २०२५ चं विजेतेपद त्या ट्रेडच्या दिवशीच अर्धं ठरलं होतं.

आता २०२५ ची फायनल. थंडर सीझनला ६८ जिंकून १४ हरलेले, समोर इंडियाना पेसर्स ५०-३२. थंडरची सीझनभरातली सरासरी आघाडी सामन्यामागे जवळजवळ १३ पॉइंटची, लीगच्या इतिहासात सगळ्यात मोठी. तुमच्या नियमानं चार सामन्यांत संपायला हवं होतं, अण्णाचंही तेच म्हणणं होतं. सर एकटे म्हणत होते, लांबणार. कारण पेसर्स पळतात. त्यांचे नऊ-दहा जण आळीपाळीनं येतात, शेवटच्या क्वार्टरपर्यंत समोरच्याच्या पायात गोळे आणतात.

पहिल्याच सामन्यात टायरीज हॅलिबर्टननं ०.३ सेकंद उरले असताना बास्केट टाकली आणि पेसर्स १११-११० नं जिंकले. अख्ख्या सामन्यात ते पुढे होते तेवढेच ०.३ सेकंद. त्या सकाळी गाड्यावर जो दंगा झाला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

पण बोलण्यासारखी गोष्ट त्याआधीच घडली होती. पेसर्सच्या वेगाला घाबरून म्हणा, डेग्नॉल्टनं पहिल्या सामन्यापासून हार्टनस्टाइनला सुरुवातीच्या पाचांतून काढून छोट्या चणीचा केसन वॉलेस घातला. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ६८ सामने जिंकलेल्या संघानं समोरच्याला बदलायला लावावं, स्वतः का बदलावं? सरांचं म्हणणं उलट: कोचनं आधीच तपासून घेतलं ते बरं, सातव्या सामन्यात प्रयोग करण्यापेक्षा. तिसरा सामना पेसर्सनी घेतला. बेंचवरून आलेल्या मॅथुरिननं २७ पॉइंट काढले आणि टी. जे. मॅकॉनेलनं ५ स्टील्स, म्हणजे पाचदा चेंडू हिसकावला. बेंचचे एकूण पॉइंट ४९ विरुद्ध १८. थंडर २-१ नं मागे. चौथ्या सामन्याला हार्टनस्टाइन परत सुरुवातीला आला आणि थंडर १११-१०४ नं जिंकले. मी लगेच छाती फुगवली. पण खरं सांगायचं तर तो सामना काही उंचीमुळे जिंकला नाही. थंडरचे अख्ख्या सामन्यात तीनच थ्री पडले होते. शेवटच्या पाचेक मिनिटांत शे नं १५ पॉइंट काढले म्हणून वाचले. सगळी आखणी करून दोन्ही संघ बरोबरीला आले की मग स्टार कामाला येतो. अण्णाचं तेवढं मान्य, त्याहून जास्त नाही.

कोच हीसुद्धा एक मॅचअप असते, हे तुमच्या ऑफिसातल्या पोरांना विचारून बघा. पेसर्सचे कोच रिक कार्लाइल २०११ च्या फायनलला डॅलसचे कोच होते. समोर मायामी, त्यांच्याकडे लेब्रॉन, वेड, बॉश असे तीन स्टार. डॅलस २-१ नं मागे. कार्लाइलनी चौथ्या सामन्याला जे. जे. बरेआ नावाच्या जेमतेम सहा फुटी खेळाडूला सुरुवातीच्या पाचात घातलं. मायामी पुढचे तिन्ही सामने हरले. असा माणूस समोर बसलेला असताना ‘चारात संपणार’ म्हणणं धाडसाचंच.

सातव्या सामन्याबद्दल मी वाद घालत नाही. हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या सामन्यातच दुखावली होती. सातव्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री मारल्यावर त्याची टाचेची शीर तुटली. तरी हाफ टाइमला पेसर्स एका पॉइंटनं पुढे होते. तिसऱ्या क्वार्टरला थंडरनं ३४-२० केलं आणि सामना १०३-९१ नं संपवला. आमच्यात नियम आहे: या सामन्याबद्दल ‘जर’ शब्द उच्चारला की त्या दिवशीच्या चहाचे पैसे त्याचे. सरांनी बरेच भरलेत.

पुढचं वर्ष ओळखण्याबद्दल आणखी थोडं, कारण इथं सोशल मीडियावर फार बोंबाबोंब असते. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगळे संघ जिंकले: टोरोंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन, ओक्लाहोमा. असं आधी कधी झालं नव्हतं. दुखापती, नशीब हे आहेच. शिवाय लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३ च्या करारानं पगाराची जी दुसरी मर्यादा घातली, ती ओलांडली की संघाचे हातपाय बांधले जातात. ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत, बाहेरून बरा माणूस आणायची नेहमीची सवलत जाते. बोस्टननं २०२४ ला जिंकलं आणि वर्षभरात हॉलिडे आणि पोरझिंगिस दोघांना सोडावं लागलं. पेसर्स फायनलला पोचले आणि काही दिवसांत त्यांचा सेंटर माइल्स टर्नर मिलवॉकीला गेला, हॅलिबर्टन पुढचा अख्खा सीझन बाहेर. म्हणजे फायनल खेळलेला संघ पुढच्या वर्षी तोच राहत नाही. आधी पगाराचा कागद बघा, मग भाकीत करा.

आणि थोडा धीर धरून मागचंही बघा. पेसर्सनी २०१७ मध्ये पॉल जॉर्ज थंडरला दिला, बदल्यात ओलाडिपो आणि सबोनिस घेतले. पुढे सबोनिस सॅक्रमेंटोला देऊन हॅलिबर्टन आणला. थंडरनं तोच पॉल जॉर्ज २०१९ मध्ये क्लिपर्सला दिला, त्यातून शे आला, आणि त्याच सौद्यातल्या एका ड्राफ्ट पिकमधून (नवा खेळाडू निवडायच्या हक्कातून) जेलन विल्यम्स, ज्यानं फायनलच्या पाचव्या सामन्यात ४० पॉइंट काढले. एकाच माणसाच्या दोन ट्रेडमधून दोन फायनलिस्ट उभे राहिले, आणि तो स्वतः दोन्हीकडे नव्हता. आणखी एक मजा: ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे दोन प्री-सीझन सामने झाले ते पेसर्स आणि सॅक्रमेंटोचेच. तेव्हा पेसर्सकडून सबोनिस खेळत होता, हॅलिबर्टन अजून कॉलेजात होता.

तर पुढच्या फायनलला पहिले दोन सामने काही भाकीत करू नका. तेवढे दोन सामने चेंडू सोडून स्क्रीन लावायला कोण येतोय ते बघा, आणि तो कोणाला ओढून आणतोय. चौथ्या क्वार्टरची शेवटची सहा मिनिटं सुरुवातीच्या पाचांपैकी कोण बेंचवर बसलाय ते लिहून ठेवा. दुसऱ्या सामन्यातही तोच बसलेला दिसला तर सीरिज कुठं चाललीय ते बऱ्यापैकी कळेल. मग ऑफिसात त्या दोघांना विचारा, “शेवटच्या पाच मिनिटांत तुमचा पाचवा माणूस कोण?” उत्तरात स्टारचं नाव आलं तर समजा, तो आमच्या अण्णाचा चेला आहे.