वाचकांचे प्रश्न : एम्मा कधी भेटणार?

प्रश्न : ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी वाचायला घेतली, पण सुरुवात सगळी नायिका एम्माच्या नवऱ्याची, शार्लचीच. रेटू का पुढे? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : जरूर. कादंबरीचा फ्रेंच लेखक फ्लोबेर याने ती सुरुवात मुद्दाम केली आहे. शार्लच्या बेढब टोपीचं वर्णन घाईत ओलांडू नका. पुढचा अख्खा संसार त्यात दिसतो. दमछाक होते ती दुसऱ्या भागात. त्यातलं आठवं प्रकरण, कृषिप्रदर्शनाचं, एका बैठकीत आणि मोठ्याने वाचा. खाली खताची बक्षिसं पुकारली जातात, वर तिला भुलवू पाहणारा जमीनदार रोदोल्फ एम्माचा हात धरून प्रेमाच्या गोष्टी करतो आणि दोन्ही आवाज एकमेकांत घुसतात. तुकड्या-तुकड्यांनी वाचलं की नेमकं हेच निसटतं.

१८५७ मध्ये याच कादंबरीवरच्या नीतिभ्रष्टतेच्या खटल्यातून फ्लोबेर निर्दोष सुटले. पुढे स्वतःबद्दलच्या स्वप्नाळू भ्रमाला फ्रेंचमध्ये ‘बोव्हारिझम’ असा शब्दच रूढ झाला. केतन मेहतांचा हिंदी चित्रपट ‘माया मेमसाब’ याच कादंबरीवर बेतलेला. तो मात्र वाचून झाल्यावरच पाहा.