वडिलांच्या सामानात बीसी-459 हा दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन विमानी ट्रान्समीटर सापडलाय. 40 मीटरवर (7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) एएमने बोलायला त्यात काय बदल करू? 807 व्हॉल्व्ह बसतील का?

काहीही बदल करू नका. पेटीच्या आत हातच घालू नका. ड्रिल बाहेर काढलं असेल तर आधी जागेवर ठेवा, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या एका जुन्या हॅमनी (हौशी रेडिओवाल्यांनी) पुढच्या पॅनेलवर मीटरसाठी भोक पाडायला आणि अँटेना जुळवणारी रोलर कॉइल काढून तिथे कोअ‍ॅक्सचं सॉकेट लावायला सांगितलंय. हा सल्ला मी आमच्या घरात, बाबांच्या टेबलाशी उभी राहून ऐकलेला आहे. म्हणून उत्तर लांबणार.

माझ्या बाबांनी साठच्या दशकात मुंबईच्या चोर बाजारातून असाच सेट आणला होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर विमानांतलं वायरलेसचं सामान भंगाराच्या भावात बाजारात उतरलं आणि पुढे कितीतरी वर्षं या दुकानातून त्या दुकानात फिरत राहिलं. आपल्याकडच्या अख्ख्या पिढीचे एएम ट्रान्समीटर त्यातून उभे राहिले. बाबांबरोबर त्यांचे एक मित्र होते, मी त्यांना काका म्हणते. बाबांनी 459 उचलला, काकांनी 457.

सगळा घोळ इथेच आहे. 457 चालतो 4 ते 5.3 मेगाहर्ट्झवर. तो 80 मीटरवर (3.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर) खाली आणायचा तर आतल्या ट्यून सर्किटांना जादा कपॅसिटर लावावेच लागतात, नुसते ऑसिलेटरला (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागाला) लावून भागत नाही, आउटपुटलाही लागतात. काकांनी ते केलं आणि फार चांगलं केलं. पण 459 मुळात 7 ते 9.1 मेगाहर्ट्झचा. आपला 40 मीटर त्याच्या डायलवर सुरुवातीलाच बसलेला आहे. 2009 साली 7.1 ते 7.2 हा पट्टा हॅमना मिळाला, तोही त्यात आपसूक येतो. म्हणजे बँडवर आणण्याचं कामच शिल्लक नाही.

बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी काका घरी आले. पिशवीत ड्रिल, होल कटर, 807 चे सॉकेट, 6.3 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. आई चहा टाकायला आत गेली तोवर त्यांनी पॅनेलवर पेन्सिलीने गोल आखलासुद्धा होता. मी म्हटलं, "काका, हे नको." ते म्हणाले, "अगं, हा काय देव्हाऱ्यात ठेवायचा देव आहे? वापरायची वस्तू आहे. वापरायची तर भोकं पडणारच." आणि वर, "तुझे बाबा असते ना, तर त्यांनीच एव्हाना पाडली असती."

ते मला लागलं. बाबांनी तो सेट सीडब्ल्यूवर (मोर्सवर) वर्षानुवर्षं चालवला होता आणि पॅनेलवर ओरखडा नव्हता. काळा सुरकुतलेला रंग जसाच्या तसा. रोलर कॉइलची मूठ फिरवली की छोटं चाक तारेच्या एकेका वेढ्यावरून सरकताना बोटांना कळतं. झाकण काढून डायल 8 मेगाहर्ट्झवर नेली की आतल्या क्रिस्टलशी जुळताच 1629 या व्हॉल्व्हच्या हिरव्या डोळ्यातली सावली हलते. डायल खरं बोलतेय की नाही हे तपासायची सोय बनवणाऱ्यांनी पेटीतच करून ठेवलीय. बाबांनी मला ते लहानपणी दाखवलं होतं. मी पेन्सिलीचा गोल खोडरबराने पुसला. काका चहा न घेता गेले.

आता मुद्द्याचं. हा सेट विमानातल्या ज्या एससीआर-274-एन वायरलेस संचाचा भाग होता त्यात मॉड्युलेटर (कॅरियरवर, म्हणजे मूळ रेडिओलहरीवर, आवाज चढवणारा) आणि डायनामोटर (बॅटरीवरून वरचं व्होल्टेज काढणारा) मुळातच वेगळ्या पेटीत होते, बीसी-456 मध्ये. ट्रान्समीटरच्या पेटीत तो तपासणीचा डोळा सोडला तर फक्त ऑसिलेटर आणि आउटपुटचे दोन 1625 व्हॉल्व्ह. त्यामुळे सप्लाय आणि मॉड्युलेटर बाहेर ठेवणं म्हणजे मूळ रचनेलाच धरून चालणं. बीसी-456 स्क्रीन मॉड्युलेशन करायचा, म्हणजे आवाज फक्त 1625 च्या स्क्रीनच्या व्होल्टेजवर चढवायचा. तुम्ही प्लेट मॉड्युलेशन करा, आवाजात जमीनअस्मानाचा फरक आहे.

मागच्या सॉकेटवर ऑसिलेटर, स्क्रीन आणि प्लेट यांचे व्होल्टेज वेगवेगळ्या पिनांवर येतात. या सेटची खरी किल्ली ती. काकांनी त्यांच्या सेटला सगळं एकाच सप्लायवरून दिलं होतं. ते बोलायला लागले की व्होल्टेज हलायचं, ऑसिलेटर हलायचा आणि कॅरियर डगमगायचा. एसएसबीच्या (आजकाल हॅम बोलायला वापरतात त्या पद्धतीच्या) रिसीव्हरवर ऐकलं तर शिट्टी वरखाली होताना स्पष्ट कळायचं. पॅनेलवर तीन मीटर होते, आवाज मात्र खरखरीतच राहिला. ऑसिलेटरला दोन व्हीआर-105 (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या नळ्या) सिरीजमध्ये लावून स्वतंत्र 210 व्होल्ट द्या. मॉड्युलेशन फक्त 1625 च्या प्लेट आणि स्क्रीनवर. हीटर आणि रिलेसाठी 24 व्होल्टचा एसएमपीएस (तयार मिळणारा सप्लाय) घ्या आणि त्याचा प्रीसेट फिरवून 25-26 वर आणा.

माझा हिशोब असा: प्लेटला 500 व्होल्ट, 150 मिलिअँपिअर, म्हणजे 75 वॅट इनपुट. शंभर टक्के मॉड्युलेशनला निम्मा ऑडिओ लागतो, साडेसदतीस वॅट. मॉड्युलेटरला लोड दिसतो साधारण 3300 ओहमचा. मी देवळात-मांडवात वापरतात तो अहुजाचा पीए अ‍ॅम्प्लिफायर घेतला. 100 व्होल्ट लाइनवर 40 वॅट म्हणजे 250 ओहम, तेव्हा 1 ला 3.65 असा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हवा. तो पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका कारागिराकडून गुंडाळून घेतला. त्याच्या सेकंडरीतून डीसी जाऊ देऊ नका, कोअर सॅच्युरेट होईल. डीसी 10 हेन्रीच्या चोकमधून आणा आणि ऑडिओ कपॅसिटरने जोडा. अँटेनासाठी पॅनेल कापायचं कारणच नाही. बाहेर ट्यूनर ठेवा, तो डायपोलशी जुळवून घेतो. मीटरही बाहेर, सप्लायच्या पेटीवर.

दुपारच्या वेळी या मांडणीवर कोल्हापूर, नाशिक, मडगाव अगदी समोर बसून बोलल्यासारखं येतं. पलीकडच्याला एवढंच सांगा की रिसीव्हर एएमवर ठेव. नाहीतर एलएसबीवर (एसएसबीचाच प्रकार) ऐकून "शिट्टी येते" म्हणत बसतात.

807 चं विचारलंत. आतून 1625 आणि 807 एकच. फरक हीटरच्या व्होल्टेजचा (12.6 आणि 6.3) आणि बेसचा. बसवता येतील, पण त्यासाठी सॉकेट उखडावे लागतील, हीटरचं वायरिंग बदलावं लागेल आणि हाती नवीन काहीच लागणार नाही. 1625 शोधा, मिळतात.

काकांचं एक म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे: ही वापरायची वस्तू आहे. काचेच्या कपाटात ठेवून फोटो टाकणाऱ्यांशीही माझं पटत नाही. ज्याला वर्षानुवर्षं प्लेट व्होल्टेज मिळालेलं नाही तो ट्रान्समीटर जपलाय असं मी म्हणणार नाही. पण वापरायला कापावंच लागतं, हे चूक आहे. काका, तुम्ही अजून रोज 7 मेगाहर्ट्झवर असता, हे उत्तर कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. बाबांनी भोकं पाडली नसती. त्यांना वेळ होता, ड्रिलही होतं, आणि त्यांनी पाडली नाहीत.

तुमच्या पॅनेलला आधीच कुणी भोकं पाडलेली असतील तर मात्र जीव खाली-वर करू नका. तो सेट बिनधास्त प्रयोगाला घ्या, काकांच्या पद्धतीनेसुद्धा.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: 1625 च्या डोक्यावरची टोपी म्हणजे प्लेट. मॉड्युलेशनच्या शिखरावर तिथे 1000 व्होल्ट तरी असतात. सप्लायला ब्लीडर (कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) लावा आणि तरीही हात घालण्याआधी कपॅसिटर शॉर्ट करून बघा. सप्लाय जुनाच वापरणार असाल तर त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदला. हॅमचं लायसन्स तुमच्या स्वतःच्या नावावर हवं, वडिलांचं चालत नाही. लायसन्स खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं असेल तर मर्यादा 50 वॅटची आहे, मग वरचे आकडे खाली आणा. एएमला साधारण 6 किलोहर्ट्झ जागा लागते, हॅमचं नेट (ठरल्या वेळच्या गटगप्पा) चालू असेल त्याच्या शेजारी बसू नका.